कोऱ्या कपाळाचा पहिला नंबर

निपाणीत चाळिशी उलटलेला माणूस अर्ध्या चड्डीत रस्त्यानं पळताना दिसला की लोक दोनच गोष्टी समजायचे. एक तर त्याच्या घरी कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय, नाहीतर त्याचं डोकं ठिकाणावर नाही. आमची मॅरेथॉन सुरू झाल्यावर दोन वर्षांत लोकांना तिसरी गोष्ट सुचली. हा म्हातारा लबाडी करतोय.

मी रायगोंडा मगदूम, हायस्कुलातला ड्रिल मास्तर. म्हणजे लबाडी पकडणं हा माझा धंदाच. पोरगं पोट धरून बसलं की त्याचं पोट खरंच दुखतंय की त्याला चार फेऱ्या चुकवायच्यात, हे मी लांबून ओळखायचो. पुढं जे सांगणार आहे त्यात मी काहीच ओळखलं नाही असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. मी सगळं ओळखलं होतं.

शर्यतीची कल्पना मारुतीरावांची. तंबाखूची वखार, घरची जीप आणि तरुण मंडळाचं अध्यक्षपद, एवढं असलेला माणूस गप्प बसत नाही. पुण्याला जाऊन ते कुठलीतरी मॅरेथॉन बघून आले आणि ब्याऐंशीच्या सव्वीस जानेवारीला आपल्याकडंही पाहिजे म्हणाले. तरुण पोरांना दहा मैल, दुसऱ्या रस्त्यानं. चाळीसच्या पुढच्यांना पुरे सव्वीस मैल. यात त्यांचा हिशेब सरळ होता, म्हातारे पडतील आणि लोक हसायला येतील. हायस्कूलच्या मैदानावरून निघायचं, चिक्कोडी रस्त्यानं बिरोबाच्या फाट्यापर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत. अंतर जीपच्या मीटरवर मोजलेलं.

पहिल्या वर्षी फाट्यावर दोन कार्यकर्ते वही घेऊन बसवले होते. पळाले नऊ आणि वहीत नावं निघाली अकरा. दुसऱ्या वर्षी मनगटावर बॉलपेननं फुली मारली, ती घामानं मैलभरातच पुसली. त्याच वर्षी संकेश्वरचा एक कंत्राटदार तंबाखूच्या टेम्पोत बसून शेवटच्या मैलापर्यंत आला आणि कोरड्या शर्टानं मैदानात शिरला. गाव सहा महिने हसलं. पण त्या हसण्यानंतर आम्हा सगळ्यांकडंच लोक बारीक डोळे करून बघायला लागले.

म्हणून चौऱ्याऐंशीच्या शर्यतीआधी बैठकीत मारुतीराव म्हणाले, "वही नको आन् पेन नको. फाट्यावर बिरोबाचं देऊळ हाय, म्हातारा पुजारी दिवसभर बसूनच असतोय. येईल त्याच्या कपाळाला भंडारा लावू दे. घामावर हळद गच्च बसतीया. आन् देवाचा भंडारा कोण खोटा लावंल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आम्ही जैन, पण आमच्या शेताच्या बांधावरही बिरोबाचा दगड आहे आणि जत्रेला आमच्या घरून नारळ जातो. कपाळाला पिवळं लागलं म्हणून आमचं काही बिघडत नव्हतं. ज्याचं बिघडत होतं त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही. तो बैठकीत नव्हताच. त्याला बैठकीला बोलवायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

तो म्हणजे भरमा कांबळे, आमचा पोस्टमन. सात वाड्यांची बीट, म्हणजे तिथलं टपाल वाटायचं काम, त्याच्याकडं होती. वीस वर्षं रोज चौदा-पंधरा मैल पायी, कारण त्या वाटांवर सायकल चालत नव्हती. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धर्म घेतला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून तो कुठल्या देवळात गेला नाही, जत्रेचा प्रसाद खाल्ला नाही, कपाळाला काही लावलं नाही. त्यावरून कुणाशी वाद घालत नसे. फक्त करत नसे. शर्यतीत नाव घालताना मला एकदा म्हणाला होता, "सव्वीस जानेवारी हाय म्हणून पळतोय सर. ह्यो दिवस आमचा हाय."

त्याचं पळणं बघण्यासारखं नव्हतं. पावलं बारीक, हात खाली, डावा खांदा जरा वर, टपालाची पिशवी अजून अडकवलेली असल्यासारखा. मी बेळगावात शिकलेला, जिल्ह्याला धावलेला, पावलं कशी टाकावीत यावर पोरांना तासभर भाषण देणारा. आणि पहिली दोन्ही वर्षं तो पहिला आणि मी दुसरा. शिक्षकांच्या खोलीत लोक विचारायचे, "काय सर, पोस्टमन फुडं गेला?" मी हसायचो. मला भरमा आवडायचा आणि त्याचं पुढं असणं मला सोसत नव्हतं. दोन्ही खरं आहे.

त्या सव्वीस जानेवारीला पहाटे धुकं होतं. आठव्या मैलापासून आम्ही दोघंच पुढं, बाकीचे पार मागं. तो माझ्या चाळीस-पन्नास पावलं पुढं. फाट्याच्या अलीकडं रस्त्याला चिंचांचं वळण आहे, तिथं तो क्षणभर दिसेनासा झाला आणि मी वळण काढलं तेव्हा समोर देऊळ होतं.

पुजारी पायरीवर परडी घेऊन बसलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भंडाऱ्याचं बोट हवेत धरून तो "कपाळ फुडं कर, कपाळ" म्हणत होता. भरमा त्याच्यासमोर जागच्या जागी पळत मनगट पुढं करत होता.

"हाताला लावा आजोबा. मनगटाला लावा."

"हातावर परसाद देत्यात. खूण कपाळाला."

भरमानं एकदा त्या बोटाकडं बघितलं. मग शेजारच्या मैलाच्या दगडाला हात लावला आणि वळला. तोवर मी दहा पावलांवर आलो होतो. माझ्या अंगावरून जाताना त्यानं विचारलं, "सर, तुमी बगितलासा न्हवं?"

मी हात वर केला. दम लागला होता, बोलवत नव्हतं. पण हात वर केला, चांगला डोक्याच्या वर. वर्गात हजेरीला पोरं करतात तसा. तो हसला आणि गेला. मी कपाळ पुढं केलं, भंडारा लावून घेतला आणि त्याच्या मागं सुटलो. दहा मैल त्याची पाठ बघत आलो आणि शेवटच्या तीन मैलांत तीही दिसेनाशी झाली.

मी मैदानात शिरलो तेव्हा आरडाओरडा झाला. "मगदूम सर पहिले! मगदूम सर पहिले!" मला वाटलं लोक चुकलेत. भरमा तर तिकडं नळाजवळ बसून पाणी पीत होता. कुणीतरी मला उचललं, मारुतीरावांनी गळ्यात झेंडूचा हार घातला आणि मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

"सर, ह्यो कांबळे सा मिंटं आधी आलाय. पण कपाळ कोरं हाय. म्हणतोय, मगदूम सर मागनं येत्यात, त्येंनी बगितलंय. डोळ्यानं बगितलासा फाट्यावर?"

हार गळ्यात पडल्यावर प्रश्न आला. आधी आला असता तर मी काय बोललो असतो, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. उत्तर दरवेळी मला हवं तसंच येतं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

"म्होरं हुता," मी म्हणालो. "पर चिंचंच्या वळणाला दिसंनासा झाला. मी मान खाली घालून पळत हुतो."

"म्हंजे फाट्यावर बगितला न्हाय?"

"माझं लक्ष न्हवतं."

भरमा उठून उभा राहिला होता. ओरडला नाही. मला वाटतं त्याला पहिल्यांदा माझं बोलणं कळलंच नाही. तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "सर, हात वर केल्तासा की."

"घाम पुसत आसन," मी म्हणालो.

मी आयुष्यात खोटं पुष्कळ बोललो असेन, सगळेच बोलतात. पण एवढं तयार खोटं माझ्या तोंडातून पुन्हा कधी आलं नाही.

पुढचं मारुतीरावांनी केलं. वळणाच्या अलीकडं ऊस आहे, तिथं कांबळे शिरून बसला असणार, मगदूम सर फाट्याकडं गेल्यावर उसातून निघून परत सुटला असणार. लोकांना हे लगेच पटलं. टेम्पोवाला कंत्राटदार अजून ध्यानात होताच. "भंडारा का लावला न्हाईस रं?" कुणीतरी विचारलं. भरमा म्हणाला, "मी लावत न्हाय. सगळ्यांस्नी ठावं हाय." तर मागून आवाज आला, "देवाला भ्याला आसंल. खोटं पळून भंडारा लावायचं धाडस झालं नसंल." यावर लोक हसले, आणि मला आठवतं, मीही तोंड जरा हसरं केलं.

दुपारी जीप फाट्यावर गेली. पुजारी म्हणाला, कपाळ पुढं आलं की मी बोट लावतो, कोण आलं कोण गेलं मला कुठं दिसतंय. पण एक जण हात पुढं करत होता, प्रसाद मागत होता जणू. जीप परत आली आणि हे सगळं मंडळाच्या ऑफिसात सांगितलं गेलं. मारुतीराव म्हणाले, "आसंल कोण तरी भिकारी. तिथं दोन-चार बसल्यालेच असत्यात." मी तिथं खुर्चीवर बसलो होतो. चहा पीत होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. बक्षिसाच्या कपावर माझं नाव घालायला तो बेळगावला खडेबाजारात पाठवला, तिथून पंधरा दिवसांनी आला. ते पंधरा दिवसही होते.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर भरमाला वर्षभर वाईट वाटलं असतं, बस. पण तो पोस्टमन होता. जो माणूस बिरोबाच्या फाट्यावर न जाता जाऊन आलो म्हणतो, तो रोज सात वाड्यांवर जात असेल कशावरून?

हे मी पहिल्यांदा माझ्याच स्वयंपाकघरात ऐकलं. माझी बायको पद्मावती भाकरी थापता थापता म्हणाली, "कांबळे म्हणं वाडीवर जातच न्हाय. फाट्यावरच्या दुकानात समद्यांची पत्रं टाकून माघारी येतोय. माझ्या मावशीच्या वाडीला पत्र चार दिस उशिरा गेलं."

"कोण म्हणतंय?"

"समदी म्हणत्यात. तुमीच तर पकडलासा न्हवं त्याला?"

मी पुढ्यातली भाकरी मोडली. वीस वर्षांत जे पत्र एक दिवस उशिरा गेलं असेल, ते आता लोकांना आठवायला लागलं. कुणाच्या पोराचं नोकरीचं बोलावणं, कुणाच्या लेकीच्या बाळंतपणाचं पत्र. वाड्यांवरून अर्ज आले. चौकशीत काही निघालं नाही, पण पोस्टमास्तर नवे होते, त्यांना कटकट नको होती. त्यांनी भरमाची बीट दुसऱ्याला दिली आणि त्याला आत टेबलावर बसवलं, शिक्के मारायला.

मी पोस्टात इनलँड पत्र घ्यायला जायचो तेव्हा जाळीतून दिसायचा. ठप ठप शिक्के मारत. मला बघितलं की "नमस्कार सर" म्हणायचा, पहिल्यासारखंच, ना कमी ना जास्त. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या सदऱ्याची बटणं पोटावर ताणायला लागली होती. चालून चालून वाळलेला माणूस होता तो. बसून सुजायला लागला.

तेव्हा मी काय केलं? खरं सांगितलं नाही, पण खऱ्याच्या जवळपास काहीतरी करून बघितलं. पुढच्या शर्यतीच्या बैठकीत मीच उठून म्हणालो की भंडारा बंद करू या. वखारीत तंबाखूच्या बोदांवर, बांधलेल्या गठ्ठ्यांवर, जो शिक्का मारतात तो आणि ती काळी शाई फाट्यावर ठेवू, प्रत्येकाच्या मनगटावर मारू. ती शाई चार दिवस जात नाही आणि तिला जातधर्म नाही. शेवटचं वाक्य मी जरा जोरात म्हणालो. मला वाटलं, मी भरपाई करतोय.

"झ्याक!" मारुतीराव म्हणाले. "ह्या साली कांबळेची बी परीक्षा हून जाईल."

आणि भरमा आला. पंच्याऐंशीच्या जानेवारीत मंडळाच्या ऑफिसात स्वतः येऊन नाव लिहून गेला. मी रात्री बायकोला म्हणालो, बघ, यंदा तो पहिला येतो की नाही. शपथेवर सांगतो, त्या दिवशी मला त्याच्या मागं राहायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्यातरी मागं राहायला मनापासून तयार होतो.

फाट्यावर आम्ही बरोबरच पोहोचलो. त्यानं मनगट पुढं केलं, शिक्का बसला, तो वळला. माझ्याकडं बघितलं नाही आणि काही विचारलंही नाही. सतरा-अठराव्या मैलाला त्याची बारीक पावलं फरफटायला लागली. तोंड उघडं, घामानं बनियन पोटाला चिकटलेलं. वर्षभर खुर्चीवर बसलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस अजून काय करणार? मी त्याच्या बरोबरीला आलो आणि वेग कमी केला.

"सर, पळा," तो म्हणाला. "थांबून उपेग न्हाय."

मी आणखी थोडा वेळ त्याच्याबरोबर राहिलो. मग मागून तिसऱ्याच्या पावलांचा आवाज आला आणि माझे पाय आपोआप पुढं गेले. भरमासाठी दुसरा यायची तयारी होती. भलत्याच कुणासाठी नव्हती.

मी पहिला आलो. भरमा तिसरा, त्याच्या आदल्या वर्षाच्या वेळेपेक्षा तेवीस मिनिटं उशिरा. मनगटावर काळा ठसठशीत शिक्का. आणि लोकांना जे बघायचं होतं ते त्यांनी बघितलं. "बगा, खरा पळाला तवा किती वेळ लागला! तेवीस मिंटांची वाट उसात बसून वाचीवली हुती गड्यानं." कुणीतरी घड्याळ काढून सगळा हिशेब मांडून दाखवला. तो हिशेब बरोबर जमत होता, हेच वाईट.

मग मात्र मला राहवलं नाही. बक्षिसाला माझं नाव पुकारलं तेव्हा मी कप न घेता माईक घेतला. मैदानावर चार-पाचशे माणूस असेल. पुढच्या रांगेत माझी पोरं, माझ्या बायकोशेजारी मारुतीरावांच्या घरच्या बायका. मी सांगितलं. गेल्या वर्षी कांबळे फाट्यावर आला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यानं मला विचारलं आणि मी हात वर केला. इथं येऊन मी खोटं बोललो. तो कप त्याचा आहे. आणि यंदा तो मागं पडला याचं कारण आपण त्याला वर्षभर खुर्चीवर बसवलं, त्याची बीट काढून घेतली. सगळं बोललो, काही गाळलं नाही.

मारुतीराव हळूच पुढं आले, माझ्या हातातून माईक घेतला आणि डोळे पुसले. खरंच पुसले.

"मंडळी," ते म्हणाले, "ह्याला म्हणत्यात मास्तर! गरिबाच्या नोकरीला डाग लागू ने म्हणून मानसानं सोताच्या नावाला डाग लावून घ्यावा? एवढं मोठं मन मी बगितलं न्हाय. आन् सर, कप तुमचाच. तो आमी परत घ्यायचो न्हाय!"

टाळ्या सुरू झाल्या. मी ओरडलो, "आवो, खरं सांगतोय मी!" त्यावर टाळ्या वाढल्या. माझ्या वर्गातली पोरं "मगदूम सर की जय" म्हणायला लागली. पद्मावती पदरानं डोळे टिपत होती. मी जितकं नाही म्हणत होतो, तितका लोकांना थोर वाटत होतो. शेवटी हार घातला तोही घालून घेतला.

गर्दीतून वाट काढत मी नळाजवळ गेलो. भरमा पायातले कॅनव्हासचे बूट काढत बसला होता. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो.

"भरमा, मी सांगितलं रं. समदं सांगितलं."

"ऐकलं की."

"पर त्येंनी ऐकून घेतलं न्हाय."

त्यानं दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, टपालाच्या पिशवीसारखे ते डाव्या खांद्यावर टाकले आणि उभा राहिला. मग माझ्याकडं बघितलं. गेल्या साली फाट्यावर बघितलं होतं तसं सरळ, त्यानंतर पहिल्यांदाच.

"सर, गेल्या साली कप नेलासा. खरं तेवढं माझ्याजवळ ऱ्हायलं हुतं," तो म्हणाला. "आज ते बी नेलंसा."

तो फाटकातून बाहेर पडला. स्टेजवरून मला फोटोसाठी हाक मारली. एकदा, दोनदा. मी उठलो, हार सारखा केला आणि गेलो.